झडप

१

घरमालकिणीने दार फोडून घेतलं तेव्हा आतून लावलेली रबराची पाचर घरंगळत तिच्या पायाशी आली. खोलीत कोणी नव्हतं. न्हाणीघराला आतून कडी होती, तीही तोडावी लागली. आत फरशीवर भाडेकरू मुलगी, चिमणी, पालथी पडली होती. केसांतला शाम्पूचा फेस वाळून पापुद्रे धरलेले. वरचा नळ चालूच होता आणि कढत पाणी तिच्या पाठीवर किती वेळ पडत होतं कोण जाणे, तेवढं कातडं सोलून निघालं होतं.

भिंतीवर गॅसचा गीझर होता, पेटलेला. छताला लागून हवेची झडप होती, ती पिवळ्या चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केलेली. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल आतून कोंबलेला.

तिथल्या पोलिसांनी एका वाक्यात निकाल लावला. परदेशात एकटी आलेली, लग्न मोडलेली मुलगी, जीव दिला.

चिमणीला वडील नव्हते. बातमी ऐकून आई जी भिंतीला टेकून बसली ती उठेचना. तेव्हा भाचीला आणायला आत्या गेली. आत्या पोलिसखात्यातून निवृत्त झालेली, सगळी नोकरी गुन्हे शाखेत. खात्यात तिला 'चिमटा' म्हणायचे. एकदा धरलं की कातडं निघालं तरी सोडायची नाही, आणि ज्याचं कातडं निघेल त्याच्याकडे बघायचीही नाही.

भाचीला तिने शवागारात पाहिलं. रडली नाही. पाठ बघितली, ओठांचा आणि नखांचा रंग बघितला आणि चादर नीट ओढली. मग तपास अधिकाऱ्यासमोर जाऊन बसली. पोलिसांनी तिला भाषेसाठी एक दुभाषीण दिली होती. ती आपल्याकडचीच, लग्न करून त्या गावात स्थायिक झालेली, पन्नाशीची, कमी बोलणारी बाई.

"साहेबांना विचारा," आत्या म्हणाली, "जीव द्यायला निघालेली मुलगी केसांना शाम्पू लावते का? धुतलेले कपडे खुंटीला अडकवून ठेवते का?"

अधिकाऱ्याने खांदे उडवले. मग अपघात म्हणा. बायकांना वाटतं कोणीतरी डोकावतंय, म्हणून झडप बुजवतात. गॅसचं कळत नाही. अज्ञान.

"अज्ञान," आत्याने तो शब्द हळूच परत उच्चारला.

कारण चिमणीची नोकरी तीच होती. एकटीने परदेशी जाणाऱ्या बायकांचे वर्ग घेणाऱ्या एक मॅडम होत्या, फार नावाजलेल्या. चिमणी त्यांचा उजवा हात. दाराला आतून पाचर लावा. लग्न झालेलं नसलं तरी बोटात अंगठी घाला. यजमानाने पुढे केलेला पेला नको असेल तर हात छातीवर ठेवून हसा, तोंड वाकडं करू नका. रस्ता चुकलात तर बाईला विचारा, पुरुषाला नाही. असे ढीगभर नियम. आत्या एकदा कौतुकाने त्या वर्गाला जाऊन बसली होती. तेव्हा चिमणी व्यासपीठावरून सांगत होती, "झडपेत कॅमेरा असू शकतो, चिकटपट्टी लावा. पण न्हाणीघरात जाळ असेल तर झडपेला हात लावायचा नाही! कोणी उघडं पाहिलं म्हणून माणूस मरत नाही. गॅसने मरतं." सगळ्या बायका हसल्या होत्या.

"अज्ञान नाही," आत्या म्हणाली. "हा नियम तिने शेकडो जणींकडून घोकून घेतलाय. मग तिने स्वतः तो का मोडला?"

२

गावात चिमणीच्या ओळखीचा एकच माणूस निघाला, आणि त्याला बघून आत्याला आश्चर्यच वाटलं. मोडलेल्या लग्नातला नवरदेव! चिमणीने नोकरी सोडावी म्हणून हट्ट धरून बसलेला, आणि तिने नकार दिल्यावर घरोघरी तिची बदनामी करत हिंडलेला. तो तिच्या मागोमाग इथवर आला होता. कागद पुरे होईपर्यंत पोलिसांनी त्याला गाव सोडू दिलं नव्हतं.

"मी फक्त माफी मागायला आलो होतो, आत्या," तो म्हणाला.

"मला आत्या म्हणायचा हक्क तुझा संपलाय. कुठे उभा असायचास?"

"समोरच्या रस्त्यावर. तिच्या खिडकीखाली."

"मागच्या बाजूला?"

"मागे काय आहे? मला माहीतही नाही."

"मग ती काय म्हणाली?"

त्याने नाक ओढलं. "खाली आली. म्हणाली, तू इथे उभा राहिलास तर मला भीती वाटत नाही, फक्त लाज वाटते. मग स्वतः मला बसथांब्यापर्यंत सोडून आली. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही."

माणूस हलकट होता, पण खरं बोलत होता. चिमणीने त्याला बसथांब्यावर सोडलेलं घरमालकिणीने पाहिलं होतं. आत्या न्हाणीघराच्या मागे जाऊन आली. झडप एका अरुंद बोळकांडीत उघडत होती. दोन्हीकडून भिंती, खाली उकिरडा, वर पाइप. मांजरालासुद्धा तिथे टेकायला जागा नव्हती. म्हणजे डोकावणारा कोणी नव्हताच. आत उभ्या असलेल्या मुलीला मात्र ते दिसणं शक्य नव्हतं.

आणि आधीचे सगळे दिवस चिमणी त्याच न्हाणीघरात, त्याच झडपेखाली, निर्धास्त आंघोळ करत होती. मरायच्या आदल्या दिवशी तिला कोणीतरी भीती घातली होती.

आत्याने घरमालकिणीला समोर बसवलं. लठ्ठ, दम्याची, हातवारे करून बोलणारी बाई. दुभाषीण मध्ये बसली.

"आदल्या दिवशी काही वेगळं घडलं?"

घरमालकीण बोलायला लागली ती थांबेचना. एका हातात फोन धरल्यासारखं करून हात उंच नेला. छताकडे बोट केलं, गीझर असतो तिकडे बोट केलं. दोन्ही तळवे एकमेकांवर दाबले. मग कपाळाच्या वर, केसांतून बोट मागे ओढलं. शेवटी तोंड उघडून हसून दाखवलं, आणि लगेच डोळे पुसले.

दुभाषीण म्हणाली, "ती म्हणते, संध्याकाळी चादर बदलायला गेले तेव्हा मुलगी फोनवर बोलत होती. विशेष काही नाही."

आत्या दुभाषिणीकडे बघत राहिली. "एवढ्या नाचाचा एवढाच अर्थ? तिने केसांत बोट घालून काय दाखवलं?"

दुभाषीण उठली. "बाहेर चला," ती म्हणाली.

३

बाहेरच्या बाकावर बसल्यावर ती बोलली.

"फोनवर पलीकडचा चेहरा दिसत होता. एक बाई. डोक्यात पुढे पांढरी बट. मुलीने तिला आधी झडप दाखवली, मग गीझर दाखवला, जाळ दाखवला. त्या बाईने हाताने सांगितलं, बंद कर. मुलीने पुन्हा जाळाकडे बोट केलं. तेव्हा ती बाई हसली. घरमालकीण म्हणते, भाषा कळली नाही, पण घाबरलेल्या लेकराला आई हसते ना, तशी हसली."

पांढरी बट. मॅडमच्या प्रत्येक जाहिरातीत ती बट होती.

"तुम्ही हे लपवलंत का?"

"कारण मी त्या बाईला ओळखते," दुभाषीण म्हणाली. "आणि ती मला."

मॅडमची सगळी कीर्ती एका गोष्टीवर उभी होती. तरुणपणी याच गावात यजमानाच्या घरी तिघांनी त्यांना कोंडलं. मॅडमने मुठीत किल्ल्या धरून एकाचा डोळा फोडला, खिडकीतून उडी मारली आणि सुटल्या. वर्गात ही गोष्ट सांगून झाली की बायका उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या.

"किल्ल्या गाडीच्या होत्या," दुभाषीण म्हणाली. "आम्ही दोघी मैत्रिणी एकत्र आलो होतो. मला आत ओढलं तेव्हा ती दारात होती. ती पळाली. गाडीत बसली, आतून काचा वर केल्या. मी हात सोडवून गाडीच्या खिडकीशी पोचले होते हो. काचेवर हात मारले. तिने माझ्याकडे बघितलं आणि गाडी काढली. पोलिसांनाही कळवलं नाही. सकाळचं विमान चुकलं असतं ना." तिने ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी पुढे इथेच राहिले. घरी कुठल्या तोंडाने जाणार? माझ्या नवऱ्याला, मुलांना यातलं काही माहीत नाही. म्हणून गप्प बसले."

"आणि चिमणी?"

"मॅडमच्या त्या पराक्रमाची चित्रफीत करायची म्हणून ती घर शोधत होती. पोलीसचौकीत जुनी तक्रार विचारायला आली. तिथे मीच बसते. एवढ्या प्रेमाने मॅडमबद्दल बोलत होती, की माझ्या तोंडून निघून गेलं."

"मग तिने काय केलं?"

"रडली. आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाली, मी मॅडमना सगळं सांगितलं. त्याही फोनवर रडल्या, मान्य केलं. मी परत गेले की आम्ही दोघी मिळून सगळ्यांना खरं सांगणार आहोत." दुभाषिणीने तोंड फिरवलं. "किती खूश होती हो! म्हणाली, मावशी, बघा, माझ्या मॅडम तशा नाहीत."

४

आत्या भाचीला घेऊन परत आली तोवर मॅडमच्या कचेरीत चिमणीचा हार घातलेला फोटो लावून झाला होता. मॅडमनी आत्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"माझी मुलगीच गेली. किती वेळा सांगितलं होतं, झडपेला हात लावू नकोस म्हणून!"

"यावेळी सांगितलं होतंत?"

"यावेळी नाही. ती काय नवशिकी होती? तिने मला खोलीही दाखवली नव्हती."

"घरमालकिणीने तुम्हाला फोनमध्ये पाहिलं. तुमची बट पाहिली."

मॅडमनी आत्याचे हात सोडले. "असेल दाखवली. रोज वीसजणी खोल्या दाखवतात. कुठे लक्षात ठेवू?"

आत्या खुर्चीत मागे टेकली. "मी सांगते, तुम्ही हो-नाही म्हणू नका. चिमणीला नियम पाठ होता. तो मोडायला तिला कोणीतरी लावलं. नवरदेवाने? त्याच्या सांगण्यावरून ती पाणीसुद्धा प्यायली नसती. घरमालकिणीने? दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दुभाषिणीने? तिची ओळख दोन दिवसांची, आणि तिने ती खोली कधी पाहिलीच नव्हती. गीझर, झडप, दाराखालची फट हे सगळं बघून कोणीतरी सांगितलं. बरं, नियम मोडा असं सांगितलं तर कोणाचं ऐकतात माणसं? ज्याने नियम केला त्याचंच. तुम्ही म्हणालात, बाळ, तू चौकशा करत फिरलीस, ती माणसं अजून त्याच गावात आहेत, तुझ्यावर डोळा ठेवून असतील. झडप बंद कर. टॉवेल लाव. हा गीझर नव्या तऱ्हेचा आहे, त्याचं काही होत नाही."

मॅडमनी उठून कचेरीचं दार लावलं. परत बसल्या तेव्हा त्यांच्या आवाजातला पान्हा आटला होता.

"तुम्ही पोलिसात होतात, म्हणून विचारते. समजा मी असं म्हणाले. शब्दच ना ते? ऐकले कोणी? घरमालकिणीला भाषा येत नाही. जिने ऐकले ती जाळलीत तुम्ही."

आत्याने हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"मी तीस वर्षं बायकांना शहाणं केलंय," मॅडम म्हणाल्या. "हजारो जणी माझ्यामुळे सुखरूप घरी आल्या. त्या सगळ्यांसमोर मी भित्री म्हणून उभी राहू? एका पोरीच्या खरेपणाच्या हौसेपायी? पुढच्या वर्गापासून मी तिचंच उदाहरण देणार आहे. झडप बुजवणाऱ्या मुलीचं. त्याने चार जीव वाचतील, बघा."

आत्या रस्त्यावर आली. मॅडमचं म्हणणं बरोबर होतं. ते शब्द कानांनी ऐकलेलं कोणीतरी हवं होतं.

तिने सामानाबरोबर परत मिळालेला चिमणीचा फोन काढला. मॅडमशी बोलणं झाल्यावर चिमणीने आणखी एकच फोन केला होता. तो घरी होता, आईला. आणि आईने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "नेहमीचंच बोलली. जेवलीस का, काय केलंस."

ज्या मुलीला नुकतीच एवढी भीती घातली गेली, ती नेहमीचं बोलली? वहिनी खोटं बोलत होती.

५

वहिनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. घरात खाणारं कोणी उरलं नव्हतं, तरी डबा भरत आला होता.

"वहिनी, बसा जरा."

"बोला ना वन्सं, ऐकतेय मी."

"त्या संध्याकाळी चिमणीने तुम्हाला काय विचारलं?"

लाटणं फिरत राहिलं. "सांगितलं की. नेहमीचंच."

"तिला शंका होती. मॅडमना तिने दोनदा जाळ दाखवला. घरमालकिणीने पाहिलंय ते. मॅडम हसल्या तरी तिची शंका गेली नसणार. मुलगी शंका घेऊन कोणाकडे जाते?"

"वन्सं, पुरे करा."

आत्याला कळत होतं, इथे थांबता येईल. थांबलो तर ही बाई उरलेली वर्षं कशीबशी काढेल. मॅडमही काढतील, टाळ्या घेत. आत्याने आयुष्यभर केलं तेच केलं.

"तुम्ही तिला काय म्हणालात, वहिनी?"

पोळी लाटता लाटता फाटली. वहिनीने ती गोळा केली, पुन्हा लाटली, पुन्हा फाटली. मग ती खाली बसली, पिठाच्या हातांनी तोंड झाकून.

"म्हणाली, आई, मॅडम म्हणतात वरची झडप बंद कर, दाराखाली टॉवेल लाव. ती वाईट माणसं इथे आहेत म्हणे. पण इथे गॅसचा गीझर आहे गं, मीच सगळ्यांना नको म्हणून सांगते. मॅडम म्हणतात हा नवा आहे, याला चालतं. काय करू?" वहिनीने हातावरचं पीठ झटकलं. "मी कामात होते. मी म्हटलं, मॅडम सांगतात ना? मग ऐक. एवढं जग बघितलंय त्या बाईने. तू तिथे स्वतःची अक्कल चालवू नकोस."

"मग?"

"मग ती म्हणाली, बरं."

आत्या उभीच होती. तिला हेच ऐकायचं होतं, शब्दन् शब्द. मॅडमच्या गळ्याला दोर यानेच लागणार होता. भावाच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण हात उचलला गेला नाही.

"हे कोर्टात सांगावं लागेल," ती म्हणाली. "सगळं. तुमचं वाक्यसुद्धा. ते वगळलंत तर त्यांचा वकील तेच उकरून काढेल आणि तुम्हाला खोटं पाडेल."

वहिनीने पिठाने माखलेलं तोंड वर केलं. "सगळ्यांसमोर?"

"हो."

६

खटला आपल्याकडेच चालला. दुभाषीण साक्षीला आली. आधी घरी नवऱ्याला आणि मुलांना समोर बसवून सगळं सांगून आली. तिचा मोठा मुलगा तिच्याबरोबर होता, धाकट्याने यायला नकार दिला होता. घरमालकिणीने पुन्हा तेच हातवारे करून दाखवले. जाळ असेल तर झडप बुजवली की माणूस मरतं, हे मॅडमना माहीत होतं का, असा प्रश्न आला तेव्हा पुरावा शोधावा लागला नाही. वर्गाला आलेल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या आणि मॅडमनी शिकवलेला नियम घडाघडा म्हणून गेल्या.

मग वहिनी.

तिने चिमणीचा फोन जसाच्या तसा सांगितला. मॅडमचा वकील उठला. त्याचा आवाज फार मऊ होता.

"म्हणजे मुलीला धोका कळला होता?"

"हो."

"तिने तुम्हाला विचारलं. तुम्ही नको म्हणाला असतात तर तिने झडप बंद केली नसती?"

"नसती केली."

"मग तिला मारलं कोणी, आई?"

सरकारी वकील ओरडत उठला. न्यायाधीशांनी प्रश्न रद्द केला. पण वहिनीने कठड्याला धरून उत्तर दिलंच. "त्या बाईने. आणि मी. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण तिला सोडू नका."

मॅडमना जन्मठेप झाली. निकाल ऐकताना त्या सरळ उभ्या होत्या. बाहेर नेत असताना त्यांच्या वर्गातल्या एका बाईने त्यांच्या पायाला हात लावला. दुसरी थुंकली. मॅडमनी दोघींकडे सारखंच हसून बघितलं.

आत्याने वहिनीला रिक्षातून घरी आणलं.  वहिनीने कुलूप काढलं, चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"वन्सं, मी काय बोलले असेन ते तुम्हाला आधीच कळलं होतं ना? मला विचारायच्या आधी?"

आत्या खोटं बोलू शकली असती. "हो," ती म्हणाली.

"तरी विचारलंत."

"नाहीतर ती सुटली असती."

"बरोबर आहे तुमचं." वहिनीच्या बोलण्यात राग नव्हता. "पण मी तुम्हाला बघितलं की मला माझा आवाज ऐकू येतो. मॅडम सांगतात ना, मग ऐक. आता येत जाऊ नका इथे."

आत्याने मान हलवली. भाऊ गेल्यापासून तिला सुखदुःखाचं असं हे एकच घर होतं. वहिनी आत निघून गेली. दार लावायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही. आत्या थोडा वेळ उभी राहिली, आणि मग दार तिनेच बाहेरून ओढून घेतलं.